आत्याबाई गाड्यात बसल्या आणि गिरणी चढली

नेकनूरच्या अलीकडे माळावर आमचं घर आहे. पुढून मुरमाचा खडा चढ, मागं शेताकडं तसाच उतार. दळणाचा डबा डोक्यावर घेऊन गावात जायचा मला कंटाळा आला होता, म्हणून गेल्या वर्षी पिठाची गिरणीच घेतली. चौसाळ्याहून टेम्पो आला, पण चढाच्या पायथ्याशी त्याची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. ड्रायव्हर गिरणी तिथंच उतरवून निघून गेला.

आमचे मालक आणि दीर, दोघांनी दोर लावून ओढली. तसूभर हलली नाही.

"लई जड हाय, वैनी," दीर म्हणाले. "माघारी धाडा."

"माघारी कावून? मागच्या उतारावरून वजन खाली सोडू. ते खाली जाईल तशी ही वर येईल."

विहिरीवरची कप्पी काढून अंगणातल्या लिंबाच्या बुंध्याला बांधली. गिरणीखाली फळ्या सारल्या. तिचा दोर कप्पीतून घेऊन मागच्या उतारावरच्या हातगाड्याला बांधला आणि गाड्यात धोंडे भरले. दोर ताठ झाला, गिरणी मात्र फळ्यांवर तशीच. मग मी गाड्यात बसले. माझी जाऊ बसली. तरी ढिम्म.

सासूबाई ओसरीत शेंगा फोडत होत्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो.

"आत्याबाई, तुमी बी या की!"

"मी काय धोंडा हाय का?"

"तुमच्याबिगर हलंना बघा."

पदर खोचून त्या आल्या, पुटपुटत गाड्यात टेकल्या. "माझ्यानं काय व्हनार…" त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत पलीकडून खरर्र आवाज आला. गिरणी एकदा सुटली ती थांबायचं नावच घेईना. ती वर आणि आम्ही खाली! जाऊ माझ्या गळ्यात पडली. आत्याबाई ओरडत होत्या, "धरा गं! ह्या पोरी मारत्यात मला!" आणि ओरडता ओरडता हसतही होत्या.

नांगरलेल्या ढेकळांत गाडा रुतला आणि आम्ही तिघी मातीत लोळलो. वरून दिरांची हाक आली, "आली! आंगनात आली! धोंडा लावलाय खाली!"

दुसऱ्या दिवशी वायरमननं जोडणी दिली. पहिलं दळण ज्वारीचं. आत्याबाई गरम पीठ चिमटीत घेऊन चोळून बघत होत्या, तेवढ्यात शेजारीण आली.

"एवढं धूड वर आनलं कुनी?"

"म्या," आत्याबाई म्हणाल्या. "ह्या दोघी नुस्त्या संगं बसल्या व्हत्या."