भिकनचं दुसरं नाव

आमच्या भिकन पाटलाची अक्कल तल्लख, पण जगाची लाज त्याच्या पाचवीलाच पुजलेली. आधीची दोन लेकरं गेली म्हणून त्याच्या आईनं, पार्वताबाईनं, पदर पसरून पाच घरची जुनी लुगडी मागितली, त्यांचीच कुंची बाळाला शिवली आणि नाव ठेवलं भिकन. असलं टाकाऊ नाव ऐकून मरण वळूनही बघत नाही, अशी आमच्या शिरपूरकडची समजूत. मरण फसलं. शाळेतले गुरुजी मात्र हजेरी घेताना रोज विचारायचे, "काय रे भिकन, आज काय मागतोस?" वर्ग हसायचा. मी शेजारी बसायचो, त्याचे कान लाल झालेले दिसायचे.

पुढं तो पुण्याच्या संशोधन संस्थेत गेला. अवघड समीकरणं सोडवणारं एक सॉफ्टवेअर आहे. ते कुणाच्या मालकीचं नाही. जगातल्या कुणीही फुकट घ्यावं, उघडून बघावं, चुकलं असेल तर दुरुस्त करावं. दुरुस्तीखाली करणाऱ्याचं नाव राहतं आणि प्रत्येक प्रतीबरोबर जगभर जातं. पहिल्या दुरुस्तीला नाव विचारल्यावर यानं लिहिलं, विकास पाटील. गोऱ्यांना भिकन म्हणजे काय हे कुठं कळणार होतं? पण लाज नेहमी आपल्याच माणसांची असते. बघता बघता विकासचं नाव झालं. भिकन उरला पगारपत्रकावर आणि घरी.

यंदा धुळ्याला मी शिकवतो त्या कॉलेजात त्याचा सत्कार ठरला. माय येणार म्हणाली, तेव्हापासून याची झोप उडाली. "आज घरी या नावाचं सांगतो," असं मला फोनवर म्हणायचा. सांगितलं नाहीच.

पहिल्या रांगेत दोघं शेजारी बसले होते. प्राचार्यांनी विकास पाटलांचं काम सांगितलं, टाळ्या पडल्या. पार्वताबाईनंही मनापासून वाजवल्या. खानदेशात दगड भिरकावला तर पाटलालाच लागतो, तिला शंका कशी यावी? ती लेकाच्या कानाशी वाकली आणि त्याची पाळी कधी येणार ते अहिराणीत विचारू लागली.

"चांगला शे हाऊ पोऱ्या. तुना नंबर कव्हय लागी रे भाऊ?"

भिकन बसूनच राहिला. प्राचार्यांनी पुन्हा नाव पुकारलं. "माय, तो मीच शे," तो पुटपुटला आणि उठला. तिचे हात जुळले होते तसेच थांबले. मी मागच्या रांगेत होतो. मलाच मान वर करवेना.

मंचावर त्यानं माइक धरला, खरं नाव न सांगताच आभार मानले आणि उतरला. सत्कार विकासचाच झाला.

मी त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेलो. भिकननं सत्काराची शाल मायच्या खांद्यावर घातली. ती म्हणाली,

"ते नाव मी मरनले फसाडाकरता ठेवं व्हतं. तू कोनले फसाडी ऱ्हायना?"

"आते पुढे भिकनच लिखसू, माय."

"आन मांगलं?"

"ते बठ्ठा जगमा गयं. आते पुसता येस नही."

शिरपूरची गाडी लागली. पार्वताबाईनं शाल खांद्यावरून काढली, नीट घडी घातली आणि त्याच्या हातात दिली.

"मंग हाई शाल जेनी शे तेले दे."

भिकननं ती घेतली, आणि मायची गाडी जाईपर्यंत तशीच हातात धरून उभा राहिला.