गिरणी चालू असेपर्यंत

"आक्का, चालू करा. ती तिघं लय बोलाय लागल्यात," असं म्हणत तो सकाळी गिरणीत शिरायचा आणि कोपऱ्यातल्या पोत्यावर मान खाली घालून बसायचा. मी बटण दाबलं, पट्टा फिरला, की त्याच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू सुटायच्या. कोरेगावात बाजारपेठेच्या मागं माझी पिठाची गिरणी आहे. तिच्या आवाजानं डोकं उठतं म्हणून शेजारी भांडतात. त्या आवाजासाठी येणारा हा एकटाच.

तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल. नावानं त्याला कुणी हाक मारत नाही, 'त्यो' म्हटलं की सगळ्यांना कळतं. हा आजारपणामुळं फौजेतून घरी आलेला. साताऱ्याच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया सांगितलं होतं. आई गेलेली, भाऊ फौजेत, भावजय त्याला बिचकून असायची. न दिसणारी तीन माणसं दिवसभर त्याला घालूनपाडून बोलायची. गिरणीच्या घरघरीत ती गप्प बसतात, असं तो म्हणायचा.

नुसता बसून कंटाळला तेव्हा कामाला लागला. डबे रांगेत लावायचा. ज्वारीनंतर गहू घालायचा तर आधी मूठभर गहू दळून जातं साफ करून घ्यायचा. हे मीसुद्धा कधीकधी टाळते. "ड्युटी म्हंजे ड्युटी, आक्का." दुपारची गोळीही माझ्याच हातून घ्यायचा, सलाम ठोकून.

बायका आधी कुरकुरल्या. येड्याच्या हातचं पीठ नको म्हणाल्या. तेव्हा पलीकडच्या आळीतली एक म्हातारी फणकारली, "शाण्याच्या हातचं खाऊन तरी तुमी कुठं शाण्या झालासा?" आणि तिनं आपला डबा त्याच्या हातात दिला. मग बाकीच्यांनीही दिले.

पण गोळीनं त्याचे हात थरथरायचे. पीठ सांडायचं, बायका तोंडं वाकडी करायच्या. एकदा तो रडवेला होऊन म्हणाला, "आक्का, ह्या हातांपायी काम जाईल माजं. मग दिवसभर त्या तिघांत बसू व्हय?"

साताऱ्याला मीच त्याच्यासोबत जायची. डॉक्टर दर खेपेला म्हणायचे, "बरा आहे, गोळ्या चालू ठेवा." आमच्याकडं 'बरा' म्हणजे दुखणं संपलं. बऱ्या माणसाला औषध कशाला? मी पहिला शब्द तेवढा घरी आणला आणि त्याला म्हटलं, "बरा झालायस की रं. नको घिऊ गोळी." एवढी मी शहाणी!

महिनाभर हात स्थिर राहिले. मी गल्लीभर मिरवले. मग तो जेवेना. गिरणी चालू असतानाही मान हलवून कुणाला तरी उत्तरं द्यायला लागला. मला कळत होतं. उद्या गोळी सुरू करू, उद्या करू, करत मी आठ दिवस घालवले.

बाजाराच्या दिवशी त्यानं दळलेले सगळे डबे जमिनीवर उपडे केले. "इख हाय त्यात! खाऊ नका, मरशीला!" म्हणून दारात आडवा उभा राहिला. एका बाईच्या हातातला डबा हिसकावताना ती पडली. चौघा गड्यांनी त्याला धरलं आणि माझ्याच गिरणीच्या जुन्या पट्ट्यानं बांधलं. तो आम्हाला वाचवायला ओरडत होता. हे मला तिथंच समजलं, तरी मी जागची हलले नाही.

भाऊ रजा काढून आला. "आक्का, गोळ्या सुरू केल्या की हुईल शांत, असं डाक्टर म्हणत्यात. पण माजी रजा धाच दिवसांची. दिवसा तुमच्याकडं पयल्यासारखा राहिला तर घरी ठेवतो. न्हाईतर जतकडं असल्या माणसास्नी ठिवून घेणारी एक जागा हाय, तिथं सोडाय लागंल."

"गिऱ्हाईक येईना झालंय, बाबा," मी म्हणाले. त्यानं पुन्हा विचारलं नाही. गोळी मीच बंद केली, हे मी त्याला तेव्हा सांगितलं नाही आणि अजूनही सांगितलेलं नाही.

दोन वर्षांनी मी जतकडं गेले. माळावर पत्र्याची शेड, दारात पाण्याचा टँकर, राखणदार कानडी बोलणारा. गोळ्या चालू होत्या. हात थरथरत होते, अंगावर मांस उरलं नव्हतं. मला त्यानं लगेच ओळखलं.

"आक्का, त्या दिशी त्ये पीठ कुणी खाल्लं का?"

"न्हाई रं. समदं झाडून टाकलं."

"कुणी मेलं न्हाई नव्हं?"

"कुणीबी न्हाई."



"मग मला हितं कशापायी ठेवलंय? घिऊन चला की, आक्का."

मी पिशवी उचलली. गाडीची वेळ झाली म्हणाले. गाडी पाचाला होती. तेव्हा तीनसुद्धा वाजले नव्हते.