हळूकाकांनी दिलेला ‘अ’

ट्रक चालवायला शिकवणारी शाळा चांगली की वाईट, हे ओळखायची हळूकाकांची स्वतःची रीत होती. बत्तीस वर्षं त्यांनी अवजड गाड्या हाकल्या, घाई म्हणून कधी केली नाही. नाव त्यावरूनच पडलं. निवृत्त झाल्यावर परिवहन खात्याने त्यांना अशा शाळांचे तपासनीस म्हणून नेमलं. शाळेत गेले की ते ऑफिसात बसत नसत, चहाला हात लावत नसत. थेट शिकाऊ गाडीकडे. विद्यार्थ्यांची परीक्षा मात्र कधी घेतली नाही. “तपासणीच्या दिवशी मालक सगळ्यात हुशार पोरगा पुढे करतो. माणसाला तारीख कळते, गाडीला कळत नाही,” असं त्यांचं म्हणणं.

आधी सीट बघायची. उंच-बुटकी माणसं आळीपाळीने बसत असतील तर ती लोण्यासारखी मागेपुढे सरकते. अडकली, तर गाडी एकटा मास्तरच चालवतो आणि बाकीचे बघत बसतात. क्लचच्या पेडलचं रबर झिजलेलं हवं. मागच्या बंपरला ओरखडे हवेत, कारण शिकाऊ माणूस गाडी मागे घेताना कुठेतरी घासणारच. कोराकरकरीत बंपर दिसला, की काका मालकाचं एक अक्षर ऐकून घेत नसत.

ही गुपितं आणखी एकाच माणसाला ठाऊक होती. अकरा वर्षं दोघांनी मिळून एकच ट्रक चालवला होता. एक चालवायचा तेव्हा दुसरा मागच्या फळीवर घोरायचा. धावत्या गाडीत असं घोरायला समोरच्यावर किती भरवसा लागतो, ते झोपणाऱ्यालाच कळतं. या जोडीदाराने शाळा काढली तेव्हा काकांनी तिची तपासणी दुसऱ्या कुणाकडे द्यायला हवी होती. दिली नाही. उलट नेहमीपेक्षा कडक बघतोय, अशी स्वतःची समजूत घातली. सीट लोण्यासारखी, पेडल झिजलेलं, बंपर ओरखड्यांनी भरलेला. ‘अ’ दर्जा देऊन मोकळे झाले.

त्यांची सून तीन वर्षं टेंपो चालवत होती. तिला मोठी गाडी शिकायची होती. काका म्हणाले, “मग तिथेच जा.” सहा आठवड्यांनी ती दाखला घेऊन आली. एका मालवाहतूक कंपनीत सोमवारी रुजू व्हायचं होतं. आदल्या दिवशी सकाळी काका तिला ओळखीच्या गोदामात घेऊन गेले. आवारात एक ट्रक उभा होता.

“घे मागे. त्या फलाटाला लाव.”

पहिल्यांदा गाडी तिरकी गेली. दुसऱ्यांदा उलट्या बाजूला. तिसऱ्यांदा खांब वीतभर उरला आणि काका ओरडले, “थांब! काय चाललंय हे?”

सून खाली उतरली. “बाबा, मला मागे घेता येत नाही. टेंपो येतो, हा नाही. शिकवलंच नाही.”

“मग सहा आठवडे केलंत काय?”

“मैदानात दोन फेऱ्या मारल्या, सरळ. बाकी दिवस गाडी उभी, इंजिन बंद. एकेकाने बसायचं, सीट पुढे घ्यायची, मागे घ्यायची, शंभरदा क्लच दाबायचा.”

“आणि बंपर?”

“बंपर तर सर स्वतःच खरडायचे. पान्याने.”

काका फलाटाच्या कडेवर बसले. “तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“तुमच्या सहीचा ‘अ’ भिंतीवर लावलाय, बाबा. मला वाटलं, शिकवायची हीच रीत असेल.”

दुपारी काका शाळेत गेले. जोडीदाराने खुर्ची पुढे केली. “ये रे हळ्या! तोंड का असं?”

“माझ्या सुनेलासुद्धा?”

“हे बघ, ती तुझी सून, हे पहिल्याच दिवशी कळलं. म्हणून तिला दोन फेऱ्या दिल्या. बाकीच्यांना एकच असते.”

“अकरा वर्षं मी तुझ्या भरवशावर झोपलो!”

“झोपलास ना? कुठे खरचटलं तुला? गाडी मी चोख चालवली.” मग जोडीदार जरा चिडला. “आणि तू तरी काय तपासलंस? एका पोराला नुसतं म्हणाला असतास, घे मागे, की मी तिथल्या तिथे उघडा पडलो असतो. तुला माणसं बघायचीच नव्हती.”

एवढं एक वाक्य तो खरं बोलला, आणि तेच काकांना सोसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुनेने कंपनीला स्वतःच फोन करून सांगितलं, मला येत नाही. नोकरी गेली. काका खात्यातल्या साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, “मालकाने फसवलं एवढंच लिहा. तुम्ही कशाला मध्ये येता?” काकांनी मान्यता रद्द करायला लिहिलं, आणि खाली लिहिलं, की मी एकाही विद्यार्थ्याला गाडी चालवायला लावली नव्हती. साहेबांनी कागद वाचला आणि उसासा टाकला. “अहो, म्हणजे तुमच्या सगळ्याच शाळा पुन्हा तपासाव्या लागतील. दुसऱ्या माणसाकडून.”

“लागतीलच,” काका म्हणाले, आणि ओळखपत्र गळ्यातून काढून टेबलावर ठेवलं.

त्या शाळेतून दाखला घेऊन एकेचाळीस जण रस्त्यावर उतरले होते. काकांनी यादी मिळवली आणि पहिल्याला फोन लावला. तो लांब पल्ल्याची गाडी चालवत होता. जेवायला थांबला होता.

“तुला गाडी मागे घेता येते का रे?”

“नाही येत. जिथे मागे घ्यावी लागेल तिथे मी जातच नाही,” तो हसत म्हणाला. “का हो?”

“रविवारी सकाळी ये. मी शिकवतो. फुकट.”

“कशाला, काका? माझ्याकडे ‘अ’ शाळेचा दाखला आहे,” तो म्हणाला, आणि फोन ठेवून दिला. काकांनी यादीतला दुसरा नंबर फिरवला.