मतं खाणारी बाई

हार माझ्या हातात दिला आणि म्हणाले, साहेबांच्या गळ्यात घाला.

लाखनीची सभा. मंचावर सगळे पुरुष, बाई मी एकटी. विधानसभेची उमेदवारही मीच. निदान मंचावर चढेपर्यंत मला तसं वाटत होतं. आमच्या पक्षाचे अध्यक्ष नागपूरहून आले होते. आपली सभा आहे, लवकर या, एवढंच त्यांनी फोनवर सांगितलं होतं. मी वर गेले तर मधल्या खुर्चीत राईस मिलवाले साहेब बसलेले. ज्यांच्या विरोधात मी उभी होते, तेच.

मला कोणी काही सांगितलं नाही. अध्यक्ष माइकवर गेले आणि बोलून मोकळे झाले. आमच्या पक्षाने साहेबांना पाठिंबा दिला आहे, आमच्या ताई आता त्यांचं स्वागत करतील. टाळ्या. त्या थांबायच्या आत हार माझ्या हातात होता, आणि मागून कोणीतरी मला पुढे लोटलं.

साहेबांनी मान वाकवली. माझे हात जवळ गेले तसं तोंड बाजूला केलं. आणि हसत हसत, फक्त मला ऐकू येईल असं, विचारलं,

"हात धुतले ना वो बाई?"

आम्ही ढिवर. मी मासोळ्या विकते. हे ऐकायची मला सवय होती. शाळेत बाईंनी मला दाराशी बसवलं होतं, हवा येते म्हणून. एसटीत शेजारची बाई उठून उभी राहायची. गिऱ्हाईक मासोळ्या हातात घेई आणि पैसे वरून टाकी. मी खाली मान घालून वेचायची. प्रत्येक वेळी.

पण हा माणूस वेगळा होता. आमच्या गावचा तलाव पिढ्यान्‌पिढ्या आमचा. आमच्या लोकांची मच्छीमार संस्था तो चालवायची. या साहेबांनी वजन वापरून त्याचा ठेका आपल्या साळ्याला मिळवून दिला. दुसऱ्या दिवशी आम्ही जाळं घेऊन गेलो तर तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, लाठ्या घेतलेली माणसं. आमच्याच पाण्यात आम्ही चोर. तेव्हा आम्ही बाया त्या पारीवर जाऊन बसलो. पोलिसांनी उचलून नेलं. सुटलो आणि पुन्हा तिथेच बसलो. त्यात माझं नाव झालं. नाव झालं म्हणून या छोट्या पक्षाने मला तिकीट दिलं. मोठ्या दोन पक्षांपैकी कोणी आमच्या मोहल्ल्यात पायही ठेवला नव्हता.

आणि आता त्याच माणसाला मी हार घालायचा.

मी हार टेबलावर ठेवला. माइककडे गेले. ताई दोन शब्द बोलणार, असं समजून अध्यक्षांनी जागा दिली.

"म्या कोणाले पाठिंबा देल्ला नाही. मले कोणी विचारलंच नाही. माझं नाव मशीनवर हाये, अन् ते राहीन."

माइक बंद झाला. भर बाजाराच्या गलक्यात ओरडून मासोळी विकणारी बाई मी. मला माइकचं काय कौतुक. तेच सगळं पुन्हा एकदा बोलले, शेवटच्या रांगेपर्यंत. पुढचे पुरुष हसले. मागच्या बाया उठून उभ्या राहिल्या.

मग दोघांनी मला दंडाला धरून खाली उतरवलं. ब्लाउजची बाही उसवली. मंचामागे अध्यक्ष आले. ते रागावलेले नव्हते, तेच जास्त लागलं. समजुतीच्या सुरात म्हणाले,

"ताई, तुम्हाला उभं केलं होतं ते बसवण्यासाठीच. तुम्हाला कळायला हवं होतं."

कळलं. तिथेच कळलं. एकाला माझा वास येत होता, दुसऱ्याला माझा भाव येत होता. दोघांच्या लेखी मी माणूस नव्हते.

अर्ज मागे घ्यायची तारीख निघून गेली होती, म्हणून नाव काढणं त्यांच्या हातात नव्हतं. पक्षाने गाडी काढून घेतली, भोंगा नेला, झेंडे नेले. नवरा घाबरला. तलाव गेला, आता बाजारही जाईल, म्हणाला. खोटं बोलत नव्हता. तरी मी निघाले. पारीवर बसलेल्या बाया सोबत होत्या. गावोगाव पायी फिरलो. काही ठिकाणी पाणी मिळालं. एका गावी चौकात बसलेल्यांनी विचारलं, मासोळ्या कुठे आहेत? मी म्हटलं, आज मत मागून राहिली.

मी पडले. तिसरी आले, फार मागे. मिलवाले साहेबही पडले, आणि मला जेवढी मतं मिळाली त्याहून कमी मतांनी.

पुढच्याच बाजाराला त्यांची माणसं माझ्या दुकानाशी आली. दुकान म्हणजे जमिनीवर पसरलेलं पोतं आणि टोपली. एकाने टोपलीला लाथ घातली. मासोळ्या चिखलात.

"आमचे मतं खाल्ले तुनं."

मी उठले. त्याच्यासमोर उभी राहिले.

"तुमचे कधी होते ते? ज्यायनं देल्ले, त्यायले तुमचा मालक दारात उभं करत नाही. ते मतं माझे होते. जाऊन सांग त्याले."

त्याने हात उगारला. शेजारच्या भाजीवाल्या बाया उठल्या, तेव्हा खाली घेतला. शिव्या देत गेले. त्या दिवशी घरी मी काही नेलं नाही.

आता दोन्ही मोठ्या पक्षांची माणसं येतात. पुढच्या वेळी आमच्याकडून लढा, म्हणतात. मी त्यांना चहा विचारत नाही.

जिल्हा परिषदेला मी उभी राहणार. तिथे साहेबांचा साळा उभा राहणार आहे. मी निवडून येईन की नाही, मला माहीत नाही. पण त्याला मी पाडणार. त्यानंतर पुन्हा विधानसभा येईल, तेव्हा त्याच्या भाटव्याला, म्हणजे साहेबांना, पाडणार. हे मी कोणापासून लपवत नाही. त्यांनी ऐकावं म्हणूनच सांगते आहे.