साखरेच्या डब्यातलं मलम

आमच्या जिन्यात अशी बोलवा आहे की माझी मावशी लग्नं जुळवते. तळमजल्याच्या काकूंनी तिला फोनवर स्वतःच्या कानांनी ऐकलंय : "वय काय? … डाग कुठे कुठे आहेत? लपवू नका हो, नंतर कळलं की पंचाईत. … घरी सांगितलंय का? … एकदा येऊन तर बघा. नाही पटलं तर केव्हाही सोडून जा, आम्ही कारणसुद्धा विचारणार नाही." एवढं उदार वधूवर मंडळ काकूंनी जन्मात पाहिलं नव्हतं. त्या लेकाचा फोटो घेऊन वर आल्या. स्वतः बिनलग्नाची राहिली म्हणजे बाईला व्यवहार चांगला कळत असणार, असंही त्या खाली सांगत होत्या.

खरी गोष्ट अशी की मावशी एका त्वचारोगाच्या दवाखान्यात काम करते. नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी रुग्ण जमवायचे आणि जमलेले टिकवायचे, हे तिचं काम. म्हणजे काकू फारशा चुकल्या नव्हत्या.

यंदाची चाचणी सोरायसिसच्या मलमाची होती. अंगावर लाल चट्टे उठतात, त्यांवर पांढऱ्या खपल्या धरतात. तो एकाचा दुसऱ्याला होत नाही, पण हे बाकावरून उठून जाणाऱ्या शेजाऱ्याला कोण समजावणार? त्यामुळे ही माणसं लपून असतात. मावशीने दवाखान्याच्या दारात जाहिरात लावली होती, खाली फोन नंबराच्या फाडून न्यायच्या पट्ट्या. महिनाभर एक पट्टी हलली नाही. मग तिने तोच कागद उचलून संडासाच्या दाराला आतून चिकटवला. आठवड्यात सगळ्या पट्ट्या गायब. लाज कुठे बसते आणि कुठे उठते, हे तिला बरोबर कळतं.

घरी ती रुग्णांची नावं घेत नाही, तसा नियमच आहे. पण तिच्या फोनचा कानाशी धरायचा भाग बिघडलाय, सगळं स्पीकरवर चालतं, आणि स्वयंपाकघराचं दार लावून ती बोलते तेव्हा मी आतच अभ्यासाला बसलेली असते. त्यामुळे मला चेहरा एकाचाही माहीत नाही, आवाज सगळ्यांचे पाठ. शिवणबाई ओठ न उघडता बोलतात, तोंडात टाचण्या असल्यासारख्या. मास्तर प्रत्येक वाक्य दोनदा म्हणतात, दुसऱ्यांदा सावकाश, म्हणजे आपण लिहून घ्यावं. आणि कंडक्टर. माझा सगळ्यात आवडता. प्रत्येक वाक्याआधी "अह्हं" करून खाकरतात, मग बसच्या मागच्या दारापर्यंत पोचेल असा आवाज लावतात. हात चट्ट्यांनी भरलेले, म्हणून लोक त्यांच्याकडून तिकीट टोकाला धरून घ्यायचे. हे ते असं सांगायचे की ऐकणारा हसावा. मी पोळी टोकाला धरून त्यांची नक्कल करायचे आणि आई-मावशी दोघी हसायच्या. मावशी जरा कमी.

चाचणीची रीत अशी : निम्म्यांच्या ट्यूबमध्ये औषध, निम्म्यांच्या ट्यूबमध्ये नुसतंच मलम. रंग तोच, वास तोच. कुणाला कुठली मिळाली हे रुग्णाला माहीत नसतं, डॉक्टरांना नसतं आणि मावशीलाही नसतं. शेवटी दोन्ही गटांची तुलना करायची. पण तोवर निम्मी माणसं कंटाळून पळून जातात. इतर गावांतल्या दवाखान्यांतून जात होतीच. मावशीकडून एकही गेलं नाही. तिने काय केलं, तर सगळ्यांना एकाच दिवशी बोलवायला लागली, खुर्च्या गोल मांडल्या, घरून चहा-साखर नेली. तिथे बाह्या वर करून बसता येतं, एवढ्यासाठी माणसं येत. रिकाम्या ट्यूब परत द्याव्या लागतात, त्यासुद्धा अशा पिळलेल्या की पुढून मागे उजेड दिसावा. "एवढी शिस्त कुठल्याच सेंटरला नाही," असं डॉक्टर म्हणाल्याचं ती जेवताना तीनदा सांगायची. शेवटी औषध कंपनीने तिला बोलावलं. सगळ्या सेंटरच्या लोकांपुढे रुग्ण कसे टिकवावेत यावर भाषण करायचं. मावशीने नवी साडी काढली आणि मी तिचं भाषण तिच्याच आवाजात तिला म्हणून दाखवायला लागले.

भाषणात घालायला म्हणून तिने एकेकाला फोन लावला : तुम्ही का येत राहिलात? कंडक्टरांना विचारलं तेव्हा गॅसवर दूध होतं.

"अह्हं. मॅडम, हे सांगाच तुम्ही भाषणात. आम्ही काही कुणावर अन्याय होऊ दिला नाही. ट्यूब मिळाल्या की खाली बाकावर जातो, सगळ्या तुमच्या त्या चहानंतर रिकाम्या झालेल्या साखरेच्या डब्यात पिळतो, शिवणबाई ढवळतात आणि सारखं वाटून घेतो. खरं औषध असेल ते सगळ्यांना. खोटं असेल तेही सगळ्यांना."

दूध उतू गेलं. मावशीने गॅस बंद केला नाही, मी केला.

"पहिल्यापासून?" तिने विचारलं.

"अह्हं. दुसऱ्या खेपेपासून. आधी ओळख कुठे होती?"

ओळख तिनेच करून दिली होती. ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवून ओट्याला टेकून उभी राहिली. मी लहान नाही, मला कळलं. सगळ्यांनी सगळंच लावलं होतं, त्यामुळे सगळ्यांना थोडंथोडं बरं वाटत होतं आणि औषध चालतं की नाही ते कुणालाच सांगता येणार नव्हतं. तिच्या सेंटरचं सगळं काम पाण्यात. आणि परवा भाषण. कानांच्या पाळ्यांपर्यंत ती लाल झाली होती. तो साखरेचा डबा तिने पिशवीतून काढला, घासला, पुन्हा घासला. त्या रात्रीचा चहा आम्ही बिनसाखरेचा प्यायलो, डब्याकडे कुणी बघितलं नाही.

सकाळी ती डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर कपाळ चोळत हळूच म्हणाले, "हे आणखी कुणाला माहीत आहे?" ती म्हणाली, "माझ्या भाचीला. आणि तिला माहीत म्हणजे जिन्याला." हे तिने घरी येऊन सांगितलं तेव्हा मला आधी राग आला. नंतर कळलं की तिने परतीची वाट स्वतःच बंद करून घेतली होती, आणि कडी म्हणून मला वापरलं होतं.

कंपनीने सेंटर बंद केलं. भाषण मात्र रद्द केलं नाही. रुग्ण कसे टिकवू नयेत, यावर करा म्हणाले. ती जुनीच साडी नेसून गेली. काय बोलली ते तिने सांगितलं नाही, एवढंच म्हणाली की लोक हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. घरी मी तिच्या आवाजात एक शब्द काढला नाही. काकूंच्या लग्नांच्या बोलवेला ती आधी हसायची. आता म्हणाली, "राहू दे, तेच बरं दिसतंय."

एक काम उरलं होतं. मलम एकदम थांबलं की चट्टे बळावू शकतात, म्हणून सगळ्यांनी शेवटची तपासणी करून घ्यायला हवी होती. ट्यूब मिळणार नव्हती, गाडीभाडंही नाही. मावशीने सगळ्यांना फोन लावले. शिवणबाई रडल्या, ओठ न उघडताच. मास्तर "आम्ही घात केला" असं दोनदा म्हणाले. कंडक्टरांनी उचललाच नाही. दिवसभर नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आपण तोंड उघडलं म्हणून मॅडमची नाचक्की झाली, असं त्यांनी मास्तरांना सांगितलं होतं. हात पुन्हा फुटलेत, खिशात घालून हिंडतात, असंही मास्तरांकडूनच कळलं.

"ते नाही यायचे," मी म्हणाले.

"येतील."

"पैज?"

मावशी पैजेवाली बाई नाही. पण त्या दिवशी तिने हात पुढे केला. "हरलीस तर त्यांची नक्कल त्यांच्यासमोर करायची. अख्खी." मी हसत टाळी दिली. न येणाऱ्या माणसासमोर नक्कल करायला काय जातंय?

त्यांच्या घरी जायचा तिला अधिकार नव्हता, म्हणून ती गेली नाही. तिने त्यांना फक्त एक निरोप रेकॉर्ड करून पाठवला. आवाज तिचा नेहमीचा गोड नव्हता, माझ्या नकलेत कधी न आलेला होता. "खुर्च्या मी लावल्या होत्या. माझ्या वाट्याची लाज तुम्ही उचलू नका. हात दाखवायला या."

तपासणीच्या दिवशी संध्याकाळी मावशीचा फोन आला. मी उचलला, तर पलीकडे ती नव्हती. मागे कपांचा आवाज, शिवणबाईंचं मिटल्या ओठांचं काहीतरी.

"अह्हं. भाची का? मॅडम म्हणतात, तू आमची गाडी फार छान चालवतेस. चालव की."

माझ्या बाजूला आई पोळ्या लाटत होती. तिकडे सगळे स्पीकरवर ऐकत होते, हे मला कपांवरून कळत होतं. ज्यांचे हात मी कधी पाहिले नव्हते त्यांच्यासमोर मी त्यांच्या हातांची नक्कल करणार होते. एक पोळी उचलली आणि ठेवून दिली. ती टोकाला धरायचं काही जमलं नाही. नुसताच आवाज लावला, "चला, पुढे सरका, पुढे जागा आहे," आणि तोही अर्ध्यात बसला.

पलीकडून कंडक्टर म्हणाले, "खाकरायचं राहिलं."