आडनावाने उघडलेले खाते

आडुतुरैच्या लग्नमंडपाचा मालक म्हणाला, "अय्या, पुढच्या मुहूर्तापासून स्वैपाकाची मजुरी हातात नाही, बँकेतच घालणार. खाते उघडा. नाही तर दुसरा आचारी पाहतो." हा माणूस बारा वर्षे माझ्या हातचे सांबार ओरपतो आहे. ऐकून राग आला. पण या वयात मज दुसरा मंडप कोण देणार? म्हणून राग गिळला.

मज बँकेचे भय होते. काही वर्षांमागे मोठ्या शेगड्या, वाटणाचे यंत्र आणि पाचशे पानांची भांडी घ्यायला म्यां एका बँकेचे कर्ज काढले. मग महामारी आली आणि लग्ने वीस माणसांत होऊ लागली. वीस माणसांना आचारी कशाला, नवरीची मावशी पुरते. हप्ते थकले. शेवटी तडजोड झाली. भांडी विकून एक रक्कम भरली, उरलेली बँकेने सोडून दिली, तसा कागदही दिला. दुसरा कोणी असता तर पिळ्ळैयार गणपतीपुढे नारळ फोडून मोकळा झाला असता. मी मात्र मान खाली घालून घरी आलो. तेव्हापासून डोक्यात बसले की देशातल्या समस्त बँकांत माझे नाव भिंतीवर टांगलेले आहे आणि मज पाहताच दारातला शिपाई बंदूक सावरणार आहे.

आता नावाचे सांगतो. आमचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात इकडे तमिळ मुलखात आले. घरात आम्ही मराठी बोलतो, उंबऱ्याबाहेर तमिळ. नावाचेही तसेच. इकडच्या रीतीने बापाच्या नावाचे पहिले अक्षर, मग आपले नाव, संपले. आडनाव घरात, लग्नपत्रिकेत आणि भाऊबंदांच्या भांडणात. कर्जाच्या कागदावरही ते नव्हते. याचा मज मोठा अभिमान होता. बुडालो तो मी बुडालो, आडनाव कोरडे राहिले.

त्यावरून युक्ती सुचली. डाग नावावर आहे ना? मग आडनावाने जायचे. नगरसेवकाचे पत्र आणले, सेवाकेंद्रात दोन दिवस रांगेत उभा राहिलो आणि आधार कार्डात आडनाव घालून बापाचे अक्षर काढून टाकले. बापाला काय वाटले असेल, हा विचार तेव्हा आला नाही.

बायको म्हणाली, "अहो, पण तोंड तेच आहे ना?"

"तोंड कोण पाहतो? कागद पाहतात."

मी चौथी शिकलेला. एवढा कायदा मज येतो.

कुंभकोणमात म्यां दुसरीच बँक धरली. टेबलामागे आमच्या नातीच्या वयाची एक अधिकारीण होती; मज ती ताता, म्हणजे आजोबा, म्हणू लागली. म्यां नवे आधार कार्ड असे पुढे सरकवले, जसे काही नुकतेच राज्य मिळाले आहे. तिने पाहिले, लिहून घेतले आणि विचारले, "पॅन कार्ड आहे का, ताता?"

"नाही," मी म्हणालो.

बायकोने पिशवीत हात घातला आणि पॅन कार्ड काढून टेबलावर ठेवले. कर्जाच्या वेळी काढलेले, बापाच्या अक्षरासकट. ते घरी ठेव म्हणून सांगायचे मीच विसरलो होतो.

अधिकारीण एकदा या कार्डाकडे पाहते, एकदा त्या. "हे कोण?"

"माझा भाऊ," माझ्या तोंडून गेले.

"जन्मतारीख तीच आहे."

"जुळे."

"मिशाही त्याच?"

"एकाच न्हाव्याकडे जातो."

तिने पेन खाली ठेवले. मागच्या खुर्चीवरचा एक गृहस्थ पुढे वाकून ऐकू लागला. तेवढ्यात बायको आमच्या मराठीत म्हणाली, "तुमास भाऊ झाला हे सासूबाईंस तरी ठाऊक होते का?" आणि पदर तोंडाशी धरून हसू लागली. त्या पोरीस मराठी येत नव्हते, पण हसण्यावरून तिला सगळे कळले.

मग म्यां सांगून टाकले. कर्ज, तडजोड, विकलेली भांडी, सगळे. आवाज खाली ठेवला होता तरी मागचा गृहस्थ हळहळला. मी उठायच्या तयारीतच होतो.

ती म्हणाली, "ताता, कर्ज मागायला आलात तर हे विचारतील. साध्या बचत खात्याला कोण विचारतो? तुम्ही आमचे पैसे नेत नाही, तुमचे आमच्याकडे ठेवताय."

"म्हणजे माझे नाव तुमच्याकडे नाही?"

"कशाला असेल?"

खरे सांगतो, मज वाईट वाटले. एवढी वर्षे बँक दिसली की रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने चाललो, आणि इथे कोणास माझा पत्ताही नाही!

"पण आता अडचण आहे," ती म्हणाली. "जुने आधार आणले असते तर आजच झाले असते. आता दोन कार्डांवर दोन माणसे आहेत. दोन्ही नावे एकाच माणसाची, असे मुद्रांक कागदावर लिहून आणा."

म्हणजे जे आडनाव म्यां कर्जापासून दूर ठेवले, ते कोर्टासमोर छत्रीखाली बसणाऱ्या नोटरीने कर्जातल्या नावाशेजारी टंकून घेतले आणि चार माणसांत मोठ्याने वाचून दाखवले. "बरोबर?" त्याने विचारले. "बरोबर," मी म्हणालो. बायको शेजारी उभी राहून शेंगदाणे खात होती.

खाते उघडले. मुहूर्ताच्या आदल्या दिवशी पासबुक घेऊन मी आडुतुरैस गेलो. मालकाने नाव वाचले आणि कपाळाला आठ्या घातल्या. "अय्या, हा कोण? तुमचे खाते आणा म्हणालो होतो."

म्यां मुद्रांक कागद काढला. कागद नुसता दाखवून भागले असते. पण नोटरीपुढे चार माणसांत वाचून झाले होते, आता बारा वर्षांच्या ओळखीच्या माणसापुढे लपवायचे कशाला? कर्जापासून सुरुवात केली. तडजोडीपर्यंत आलो तेव्हा त्याने हात वर केला.

"सकाळी सहाशे पाने आहेत," तो म्हणाला. "चिंच किती आणू ते सांगा."

म्यां मुद्रांक कागद घडी करून खिशात घातला आणि चिंच किती ते सांगितले.