खाली केलेली बुलेट

माझी उंची पाच फूट दोन इंच. ती मी कधीच लपवली नाही. लपवली माझ्या मामाने. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत माझ्यासाठी स्थळं बघणं चाललं होतं, तेव्हा पत्रिकेसोबत द्यायच्या कागदावर त्याने बिनदिक्कत पाच-पाच लिहिलं आणि कागद चेंबूरला पोचवूनही आला. वर मलाच म्हणाला, "तीन इंचांनी काय होतं रे?" घाटकोपरला माझा रबराच्या वॉशरचा कारखाना होता. अर्धा मिलिमीटर चुकला तरी लोक माल परत पाठवत, आणि हा माणूस माझ्या नावावर तीन इंच खपवून आला होता. तो राग अजून गेलेला नाही.

स्थळ मात्र चांगलं होतं. मुलगी शिकलेली, नोकरी करणारी, आणि फोटोत लाजल्याचा उगाच आव नव्हता. ते हातचं जाऊ द्यायचं नव्हतं.

माझं धड लांब आहे, घात केलाय तो पायांनी. खुर्चीत बसलो की कुणालाही उंच वाटतो. प्रश्न होता तो फाटकापासून खुर्चीपर्यंतचा. पोलिसांच्या लिलावात घेतलेली एक बुलेट माझ्याकडे होती. ती थांबवली की मला एका अंगाला कलून पायाच्या अंगठ्यावर उभं राहावं लागे. पण तीच खाली केली, तर दोन्ही पाय सपाट टेकतील. आणि असा बसलेला माणूस वरच्या गॅलरीतून धिप्पाड दिसतो. लोकांची पहिली नजर पडली की झरझर जिना चढून खुर्ची गाठायची, असा बेत.

गल्लीतल्या मालवणी मेकॅनिकने काम झकास केलं. मागचे शॉकअप आखूड घातले, पुढच्या स्प्रिंगा कापल्या, सीटचा फोम तासला, हँडल उंच लावलं. गाडी दबा धरून बसलेल्या मांजरासारखी दिसायला लागली. मग तो म्हणाला, "शेट, गाडी खाली इली काय स्टँड लांब पडता. तोय कापूक व्हयो. त्याचे येगळे पडतले."

माझं डोकं तडकलं. सौदा ठरून झाल्यावर कुणी वेगळं काम काढलं की मला तो दरोडा वाटतो.

"ठरल्यात बसतंय तर कर, नाहीतर राहू दे!"

"नाय बसणा. मगे भितीक टेकून ठेवा."

मी भिंतीलाच टेकून ठेवली. घाटकोपरला भिंतींचा काय तोटा?

रविवारी चेंबूरला पोचलो. एकमजली घर, पुढे अंगण, मेंदीचं कुंपण. घराच्या भिंतीलगत कुंड्यांची रांग, म्हणजे टेकायला मोकळी भिंत नाही. गॅलरीत मुलीचे वडील आणि एक आत्या उभ्या. मी दोन्ही पाय सपाट टेकून इंजिन बंद केलं. छाप पडली, हे त्यांच्या चेहऱ्यांवरच दिसलं.

"या, वर या," वडील म्हणाले.

मी साइड स्टँड लावला. लांब पडल्यामुळे गाडी कलेना, सरळ उभी राहिली आणि जरा हात सैल केला की पलीकडे पडायला बघायची. म्हणजे उतरायची सोय नाही.

"इंजिन तापलंय," मी म्हणालो. "जरा निवू दे."

"तोवर चहा पण निवेल हो!"

दोन मिनिटं गेली. वरून आत्याबाईंची कुजबुज अंगणभर ऐकू आली, "अगंबाई, पायाने अधू तर नाही ना?"

मग मात्र मी हँडल न सोडता खाली उतरलो आणि गाडी मधल्या स्टँडवर घ्यायला गेलो; तोही लांबच पडलेला. स्टँडवर उभा राहून सगळं वजन घातलं, नाचलो. गाडी ढिम्म. माझी सगळी उंची भर उन्हात त्या दोघांपुढे उघडी पडली होती. बुलेट मूळ उंचीची असती, तर निदान तिच्याआड थोडा झाकलो तरी असतो.

तेवढ्यात मुलगीच जिना उतरून आली. माझ्याहून चांगली दोन बोटं उंच. गाडीकडे नि मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "स्टँड कापायचा राहिला वाटतं. इकडे आणा, या माडाच्या आळ्याशी."

आळ्यातली जमीन खोल होती. स्टँड तिथे टेकताच गाडी कशी बेतात कलली.

"तुम्हाला यातलं कळतं?"

"कंपनीत ड्रॉइंग काढते. दिवसभर मापंच." मग आवाज खाली आणून, "गाडीची उंची कमी केलीत आणि स्वतःची वाढवलीत. खरी किती?"

"पाच-चार."

"छे."

"पाच साडेतीन. शेवटचं."

ती सरळ जिन्याकडे वळली. दुकानात भाव उतरेना की मी जन्मभर अशीच पाठ फिरवत आलोय, आणि तरी मला घाम फुटला.

"अहो, ऐका! पाच-दोन."

"आता वर चला. बाबांना तुम्हीच सांगा, मी सांगणार नाही."

वर जाऊन खुर्चीत बसायच्या आधीच सांगून टाकलं. वडिलांनी मामाचा कागद काढला, पेनाने आकडा खोडला आणि म्हणाले, "आणखी कशात काय बदल करायचा असेल, तर एकदाच सांगा. सारखी खाडाखोड बरी दिसत नाही."

"काही नाही," मी म्हणालो.

तिने पोह्यांची बशी माझ्या हातात दिली. "वयात दोन वर्षं मिळवा, बाबा."

वयाचं खाली बोलण्यात आलंच नव्हतं, तेही तिने नजरेनेच मोजलं होतं! सौदा झाल्यावर वेगळं कलम? आत्याबाई डोळे विस्फारून माझ्याकडे बघत होत्या, वडिलांचं पेन कागदावर थांबलं होतं. माझा पारा चढला. पण बशी हातात होती, आणि ती तिथून हलली नव्हती.

"दीड," मी म्हणालो.

तिने मान डोलावली. वडिलांनी दीड वर्ष मिळवलं, कागदाची घडी घातली आणि पुढच्या रविवारी आमचं घर बघायला येतो म्हणाले.